सापळ्याआधी वाट

मृगाचा पाऊस लागला की नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी या तालुक्यांत, आठ महिने कोरडे पडलेले ओहोळ एका रात्रीत वाहते होतात. नदीतले मासे त्या नव्या पाण्याचा वास घेत वर निघतात. अंडी घालायला त्यांना उथळ, गढूळ, गवताळ पाणी हवं असतं आणि असं पाणी भातखाचरांत आणि माळावरच्या डबक्यांत मिळतं. यांनाच चढणीचे मासे म्हणतात. मळ्या नावाचा बोटभर मासा तर तोंडाखालच्या चकतीने ओल्या खडकाला चिकटत चिकटत लहानसा धबधबाही चढून जातो. कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर, कातकरी या समाजांच्या वाड्यापाड्यांवर हे दिवस बांबूच्या टोपल्या बाहेर काढायचे असतात.

ही टोपली म्हणजे माझ्या मते सह्याद्रीतला सगळ्यात हुशार सापळा. बांबूच्या कामट्या सोलून, वेलीने किंवा दोरीने बांधून लांबट नळा तयार करतात. त्याचं शेपूट बांधून बंद केलेलं असतं. तोंड मात्र रुंद असतं आणि त्या तोंडातून आत जाणारा, निमुळता होत गेलेला दुसरा शंकू विणलेला असतो. शंकूच्या आतल्या टोकाला कामट्या एकमेकींना बांधत नाहीत, त्या मोकळ्या, अणकुचीदार आणि लवचिक ठेवतात. मासा पुढे घुसतो तेव्हा त्या बाजूला होतात आणि तो आत गेला की पुन्हा जवळ येतात. आत अडकलेला मासा बाहेर पडायला धडपडतो ती टोपलीच्या भिंतीला धरून. बाहेरची वाट टोपलीच्या मधोमध, टोकदार कामट्यांच्या झुपक्यात असते आणि तिथे तो जातच नाही. या सापळ्यात ना खटका, ना आमिष. माशाची भिंतीला धरून पोहण्याची सवयच त्याला कोंडून ठेवते.

टोपली कुठे ठेवायची आणि तिचं तोंड कुठे करायचं, हे विणण्यापेक्षा अवघड. जूनमध्ये मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो, म्हणून तोंड खालच्या अंगाला. दगड-मातीचा छोटा बांध घालून ओहोळाचं सगळं पाणी एका फटीतून काढतात आणि त्या फटीत टोपली दगडांनी दाबून बसवतात. आवणी होते, भात वाढतं, पाऊस ओसरतो आणि खाचरांतलं पाणी उतरायला लागतं. तेव्हा तेच मासे, त्यांची पिल्लं घेऊन, नदीकडे परत निघतात. आता टोपलीचं तोंड वरच्या अंगाला फिरवायचं. एवढी एक गोष्ट उलटी झाली तर उत्तम विणलेली टोपली रात्रभर रिकामी राहते. पाऊस कोणत्या टप्प्यावर आहे आणि मासा कुठून कुठे निघाला आहे, हे ज्याला ठाऊक त्यालाच सापळा फळतो.

रानात जगण्याची कौशल्यं शिकवणाऱ्या पुस्तकांत आणि चित्रफितींत सापळा म्हणजे काठ्या, खाचा आणि गाठींचं कसब असतं. ते कसब महत्त्वाचंच, पण ते दोन दिवसांत शिकता येतं. प्राण्याची वाट ओळखायला मात्र वर्षं लागतात. सापळा आधी डोक्यात मांडावा लागतो, कारण ज्याच्यासाठी मांडायचा तो त्या वेळी समोर नसतो आणि तो येईल तेव्हा मांडणारा तिथे नसतो. भाल्याची शिकार नजरेसमोरच्या जनावराशी होते. सापळ्याची शिकार उद्या पहाटे येणाऱ्या जनावराशी होते.

म्हणूनच पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना सापळ्याचं एवढं अप्रूप आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सिबुडू गुहेत सुमारे पासष्ट हजार वर्षांपूर्वीच्या थरांत चार-पाच किलो वजनाच्या लहान हरिणांची हाडं मोठ्या प्रमाणात सापडली. दाट झाडीत राहणारं एवढंसं जनावर भाल्याने मारणं कठीण. २०१० साली लिन वॅडली यांनी असा युक्तिवाद मांडला की ही हरिणं फासे लावून धरलेली असावीत, आणि तसं असेल तर त्या माणसांची पुढचा विचार करण्याची ताकद आपल्यासारखीच होती. हा पुरावा आडून आलेला आहे, कारण खुद्द फासा कुठेच सापडत नाही. आपल्याकडेही तेच. नाशिकजवळ गंगापूरला गोदावरीच्या काठी हसमुख सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारं मिळाली आणि १९५२ साली त्यांवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्या दगडी हत्यारांनी काय तासलं, कुठली साल सोलली, कुठला बांबू चिरला हे सांगणारं लाकूड आणि दोर मात्र कधीच मातीत मिसळून गेले.

आता वाटेविषयी. माणसाच्या पायवाटेसारखी रानातल्या प्रत्येक प्राण्याची वहिवाट असते. ससा काटेरी कुंपणाखालच्या त्याच त्या फटीतून ये-जा करतो आणि तिथल्या गवताला बोगद्यासारखा आकार येतो. साळिंदर रोज रात्री त्याच वाटेने उकरायला जातं, वाटेत एखादा काटा गाळून ठेवतं. तित्तराला पंख असले तरी तो आधी पायांवरच पळतो. समोर वीतभर उंचीचा आडोसा आला तर तो उडून ओलांडण्यापेक्षा आडोशाच्या कडेकडेने चालत जाऊन फट शोधतो. खेकडा पाण्याची कड सोडत नाही. लेंड्या किती ताज्या, गवताचं पातं कुठल्या बाजूला वाकलंय, धुळीत उमटलेल्या पावलावर दवाचे थेंब पडलेत की पाऊल दवानंतरचं आहे, यावरून माग काढणारा वेळ सांगतो.

हे ज्ञान महाराष्ट्रात सगळ्यात खोलवर कुणाकडे होतं, तर फासेपारध्यांकडे. लांब दोरीवर ओळीने छोटे छोटे फास बांधून, काटक्यांनी जमिनीत रोवून, ती ओळ तित्तर-लाव्यांच्या वाटेवर आडवी टाकायची आणि पाखरांना हळूहळू, न बुजवता, तिकडे वळवायचं ही त्यांची रीत. पाखरू घाबरलं की उडतं आणि उडालं की फास वाया. म्हणजे सगळी मदार हाकण्याच्या मंद गतीवर. काही जण पाळलेला तित्तर पिंजऱ्यात ठेवून त्याच्या आवाजावर रानातले तित्तर बोलवत. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडोशाने पाखरांजवळ सरकत, कारण चरणाऱ्या गाईला पाखरं भीत नाहीत. पाखरू कशाला भितं, कशाला भीत नाही आणि भ्यालं की काय करतं, एवढ्या तीन गोष्टींवर हा सगळा व्यवसाय उभा होता.

या समाजाचं पुढे जे झालं तेही या विषयाचाच भाग आहे. १८७१ च्या इंग्रजी कायद्याने देशातल्या अनेक भटक्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारायला सुरुवात केली आणि पारधीही त्यात ओढले गेले. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, पण लोकांच्या मनातला शिक्का पुसला गेला नाही. त्यानंतर वीस वर्षांनी वन्यजीव संरक्षण कायदा आला. जीव वाचवायला तो हवाच होता. पण ज्यांचं पोट फाशांवर होतं त्यांच्या हातात दुसरं काय द्यायचं, याचं उत्तर कुणी तयार ठेवलं नव्हतं. ही उणीव मला आजही टोचते.

फाशाच्या यंत्राकडे वळू. खटक्याच्या कुठल्याही सापळ्याला तीन गोष्टी लागतात: साठवलेली ताकद, ती अडवून धरणारा खटका आणि धरून ठेवणारा भाग. ताकद साठवायची सोपी जागा म्हणजे वाकवलेली काठी. हिरवा बांबू किंवा लवचिक रोपटं वाकवून त्याच्या शेंड्याला दोरी बांधतात, दोरीच्या मध्यावर लाकडाची छोटी खुंटी असते आणि ती जमिनीत ठोकलेल्या दुसऱ्या खुंटीच्या खाचेत अडकवतात. दोरीचं टोक म्हणजे सरकता फास. धक्का लागला की खाच सुटते, काठी सरळ होते आणि फास आवळला जातो. यात एक अडचण आहे आणि ती चित्रफितींत सहसा सांगत नाहीत. ओलं लाकूड रात्रभर वाकवून ठेवलं की वाकलेल्या आकारातच बसू लागतं, त्याचा ताण उतरतो. म्हणून असा सापळा संध्याकाळी मांडायचा आणि सकाळी सोडून द्यायचा असतो. आठवडाभर मांडून ठेवता येत नाही.

ताकद साठवायची दुसरी जागा म्हणजे उचलून तोलून धरलेला दगड. इंग्रजी चारच्या आकड्यासारख्या जुळवलेल्या तीन काठ्यांवर सपाट धोंडा तिरका उभा करतात. उभी काठी भार जमिनीला देते, तिरकी काठी तरफेसारखी धोंड्याला पेलते आणि आडव्या काठीच्या टोकाला आमिष असतं. धोंड्याचं वजन काठ्यांना एकमेकींत दाबून धरतं, त्यामुळे दोरीची गरजच पडत नाही. खाचा नीट बसल्या असतील तर पाच-सहा किलोचा दगड उंदराच्या हिसक्यानेही कोसळतो. तंजावरच्या भातशेतीत उंदरांसाठी वापरतात ती किट्टी याच विचाराची, फक्त धोंड्याच्या जागी बांबूचं धनुष्य. संध्याकाळी बांधावर शेकड्यांनी लावायच्या आणि पहाटे गोळा करायच्या.

या सगळ्यात कमी बोललं जातं ते दोरीविषयी, आणि रानात रिकाम्या हाती असलेल्या माणसाची खरी परीक्षा तिथेच होते. काठी कुठेही मिळेल, दोरी मिळत नाही. ती वळावी लागते. नाशिकच्या रानात मुरुडशेंगेची, म्हणजे केवणीची साल, आपट्याची साल, पळसाची मुळं हे तिचे मूळ साठे. कोरड्या मुलखात घायपात. पावसाळ्यानंतर केवणीच्या सरळ फोका काढायच्या, साल लांब पट्ट्यांत सोलायची आणि साचलेल्या पाण्यात दगडाखाली भिजत घालायची. काही दिवसांनी सालीतला गर कुजतो, वास सुटतो, आणि चोळून धुतल्यावर पांढरट वाख मोकळा होतो.

वळण्याची रीत अशी. वाखाची जुडी घेऊन मध्यावर नाही, थोडी एका बाजूला दुमडायची, म्हणजे दोन पदर लांबीला असमान होतात आणि पुढे नवा वाख जोडताना दोन्ही जोड एकाच ठिकाणी येत नाहीत. मग दोन्ही पदर मांडीवर एकमेकांशेजारी ठेवून तळव्याने पुढे लोटायचे. दोघांनाही एकाच दिशेचा पीळ बसतो. आता दोघांना जवळ आणून सोडलं की ते आपापला पीळ सोडवायला एकमेकांभोवती उलट्या दिशेने गुंडाळतात. सुटू पाहणारे दोन पीळ एकमेकांना सुटू देत नाहीत, आणि गाठ न मारताही दोरी पक्की राहते. हाताला सवय झालेली बाई बोलता बोलता हातभर दोर वळते. नवख्याचा पीळ कुठे घट्ट, कुठे सैल पडतो, आणि दोरी तुटते ती नेहमी सैल पिळाशी.

अशा दोरीत एक मोठा गुण आहे, तो म्हणजे ती कुजते. मांडणारा आजारी पडला, सापळा विसरला, तरी एका पावसाळ्यात फास मातीला मिळतो. आज शेताच्या कडेला डुकरांसाठी लावलेले फास मोटारसायकलच्या क्लच वायरचे असतात. ते विसरले गेले तरी वर्षानुवर्षं जिवंत राहतात, आणि डुकरासाठी लावलेल्या तारेत बिबट्याची कंबर अडकते. तेच नायलॉनच्या मांज्याचं. येवल्याचा पतंगोत्सव राज्यभर प्रसिद्ध आहे, पण संक्रांत सरल्यावर झाडांवर लोंबकळणारा नायलॉन मांजा हा मालक नसलेला फासच आहे. बंदी असूनही तो विकला जातो आणि घुबडं, बगळे, घारी त्यात पंख कापून घेतात. जुन्या सापळ्यांना क्रूर म्हणताना या नव्या न कुजणाऱ्या सापळ्यांकडे आपण आधी पाहायला हवं.

माशांच्या बाबतीतही तसंच. गेळाची फळं किंवा रामेठ्याची साल ठेचून डोहात टाकली की मासे गुंगतात, हे आदिवासींना पूर्वापार ठाऊक आहे. पण सगळा डोह एकदम मरतो, पिल्लांसकट, म्हणून त्यावर गावाची बंधनंही असत. आता त्या जागी कीटकनाशक आणि जिलेटिनच्या कांड्या आल्या. पाण्यात स्फोट करून किंवा विष कालवून मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. टोपली निवड करते, तिच्या कामट्यांमधल्या फटींतून पिल्लं निसटतात. विष कसलीच निवड करत नाही. तरीही चढणीच्या मासळीबद्दल माझं म्हणणं असं की पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेल्या माद्या ओहोळाच्या प्रत्येक फटीत अडवल्या तर टोपलीसुद्धा नदी रिकामी करू शकते. उतरणीची मासळी धरावी, चढणीच्या मासळीला निदान एक फट मोकळी सोडावी.

आता रानात जगायला शिकवणाऱ्या त्या पुस्तकांमागचा प्रश्न. रानात वाट चुकलेल्या माणसाने सापळा लावावा का? बहुतेक वेळा नाही. सह्याद्रीत हरवलेला माणूस भुकेने मरत नाही. मरतो तो उन्हाळ्यात पाण्यावाचून, पावसाळ्यात भिजून थंडी भरल्याने, आणि वर्षभर कड्यावरून पडून. अन्नाशिवाय धडधाकट माणूस काही आठवडे तग धरतो, पाण्याशिवाय मोजके दिवस. सापळ्याचा हिशेबही करून पाहावा. सोललेल्या शेतउंदराचं मांस शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, त्यातून मिळणारी ऊर्जा सव्वाशे कॅलरीच्या घरात, म्हणजे एका ज्वारीच्या भाकरीएवढीही नाही. तो मिळवायला अनोळखी रानात दहा-पंधरा सापळे मांडायचे, फोका तोडायच्या, खाचा पाडायच्या, दोर वळायचा, यात माणूस मिळेल त्याहून जास्त घाम गाळतो. घाम म्हणजे पाणी, आणि पाणीच तर नसतं.

कळसूबाई, हरिहर, साल्हेर किंवा ब्रह्मगिरीच्या परिसरात चुकलेल्याने आधी थांबावं. अंधारात एक पाऊलही पुढे टाकू नये. वाऱ्याच्या आडोशाला बसावं, अंगावरचे कपडे कोरडे ठेवायची खटपट करावी, ११२ वर फोन लागतो का ते उंचवट्यावरून पाहावं. ओढा धरून खाली उतरलं की गाव लागतं, हा मैदानातला सल्ला इथे घातक आहे. सह्याद्रीतला ओढा बऱ्याचदा थेट कड्याच्या टोकावर नेऊन सोडतो. त्यापेक्षा गुरांची मळलेली वाट धरावी, ती पाड्याकडेच जाते. किल्ल्यावर असाल तर खडकात कोरलेली पाण्याची टाकी शोधावीत, कित्येक टाक्यांत उन्हाळ्यातही पाणी असतं. पावसाळ्यात पोटासाठी काही मिळवायचंच तर ओढ्याच्या कडेचा खेकडा सगळ्यात सोपा. काठीच्या टोकाला गांडुळं बांधून दगडाच्या सांदीत धरली की तो नांगीने पकडतो आणि सहज सोडत नाही. मात्र पोटाखाली पिल्लांचा पुंजका घेतलेली मादी पाण्यात परत सोडावी.

कायदाही इथे आडवा येतो, आणि तो यावा हेच बरं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं, फासात अडकवणं, सापळा लावणं आणि त्यांचा प्रयत्नही येतो. जनावर सापडलं नाही तरी गुन्हा होतो. ससा, तित्तर, साळिंदर, घोरपड, मोर हे सगळे संरक्षित आहेत आणि पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षांची कैद आहे. हौस म्हणून शिबिरात फास लावून पाहणंही यातून सुटत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे रानावरचे अनेक पारंपरिक हक्क मान्य केले, पण त्यातून शिकारीचा आणि सापळ्याचा हक्क नाव घेऊन वगळला. त्याच कायद्याने पाणवठ्यांतल्या मासळीवरचा सामूहिक हक्क मात्र दिला. म्हणजे केवणीच्या दोरीचा फास कायद्याबाहेर गेला आणि बांबूची टोपली कायद्यात राहिली. पेठ-सुरगाण्याच्या घरांत तीच टिकून आहे, याचं एक कारण हेही असावं.

पण फासामागचं ज्ञान गुन्हा नाही. १९५९ साली सलीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प सुरू केला. कडी घालायची तर पाखरू जिवंत आणि अजिबात इजा न होता हाती यायला हवं. सोसायटीने पुढे हे काम बिहारमधल्या मीरशिकार या पारंपरिक पाखरं धरणाऱ्या समाजातल्या लोकांवर सोपवलं आणि त्यातल्या अली हुसेन यांचं नाव पक्षी अभ्यासकांत आदराने घेतलं जातं. कालपर्यंत बाजारासाठी लावलेला फास आता विज्ञानासाठी लागू लागला. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात फासेपारधी कुटुंबांनी तणमोराचा माग काढून, त्याची ठिकाणं दाखवून, त्याच्या संरक्षणाच्या कामात भाग घेतला. एवढ्या दुर्मीळ झालेल्या, गवतात दडून राहणाऱ्या पक्ष्याला शोधायला त्यांच्याइतकी नजर दुसऱ्या कुणाकडे होती?

नाशिककरांच्या रोजच्या बातम्यांतला सापळा मात्र वेगळाच आहे: उसाच्या कडेला उभा केलेला वन विभागाचा लोखंडी पिंजरा. गोदावरी, दारणा आणि कादवेच्या कालव्यांवर निफाड, सिन्नर, दिंडोरी, नाशिक तालुक्यांत ऊस वाढला आणि त्या उसात बिबट्या राहू लागला. पिंजऱ्याचे दोन कप्पे असतात. मागच्या कप्प्यात जाळीआड शेळी किंवा कोंबड्या, त्यांना बिबट्याचा पंजा लागत नाही. पुढचा कप्पा बिबट्याचा. त्याच्या तळाशी पाय ठेवायची फळी असते, फळीला जोडलेली तार वर उचलून धरलेल्या दाराची कडी ओढते आणि दार स्वतःच्या वजनाने खाली कोसळतं. ताकद, खटका, धरून ठेवणारा भाग: रचना आदिम धोंड्याचीच आहे. पिंजऱ्यावर उसाचं पाचट टाकतात, लोखंडाला हाताचा वास राहू नये म्हणून काळजी घेतात, आणि जागा निवडताना बांधावरचे पंजे पाहतात.

याही सापळ्यात खरी अडचण वाटेचीच. पिंजऱ्यात अडकलेला बिबट्या हल्ला करणाराच असेल याची खात्री नसते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात शंभरावर बिबटे पकडले गेले आणि बरेच दूर नेऊन सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे आकडे तपासले तेव्हा दिसलं की या मोहिमेआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. एका बिबट्याची जागा रिकामी झाली की तिथे दुसरा येतो, आणि उचलून नेलेला परक्या मुलखात भांबावून फिरतो किंवा घरी परत निघतो. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका नराला गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडलं. कठडा नसलेली विहीर म्हणजे खड्ड्याचा सापळाच, फक्त तो कुणी मुद्दाम मांडलेला नसतो. हा नर, ज्याला अभ्यासकांनी आजोबा म्हटलं, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत जवळपास सव्वाशे किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे पोचला. त्याला त्याची वहिवाट ठाऊक होती.

ऊसतोडीच्या हंगामात नाशिकच्या शेतांत बछडे सापडतात. आता वन विभागाचे कर्मचारी आणि स्वयंसेवक त्यांना अनाथालयात पाठवण्याची घाई करत नाहीत. बछडे एका खोक्यात किंवा टोपलीत घालून, संध्याकाळी त्याच शेतात, त्याच सरीच्या टोकाशी ठेवतात, कारण आई शोधायला तिथेच येणार. समोर कॅमेरा सापळा बांधतात. उष्ण शरीर पुढून गेलं की तो चित्र टिपतो आणि जनावर पुढे निघून जातं. याच कॅमेऱ्यांच्या मदतीने २०२२ साली देशातल्या बिबट्यांचा अंदाज काढला गेला: देशभरात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५. ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलांतली होती. निफाड-सिन्नरच्या उसातले बिबटे त्यात जवळपास धरलेलेच नाहीत. त्यांची मोजदाद करायची तर कॅमेरे कुठल्या बांधावर, कुठल्या चारीच्या पुलाखाली, किती उंचीवर लावायचे हे आधी ठरवावं लागेल, आणि ते सांगू शकणारी माणसं शेतावर राहणाऱ्या सालदारांत, मेंढपाळांत आणि ऊसतोड कामगारांत आहेत.